समासातला शेरा

"इथे कुणी बसलंय का?"

"पिशवी बसली आहे," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. रविवारच्या दुपारी अनोळखी माणसाला असं उत्तर द्यायची तिला सवय नव्हती. खरं सांगायचं तर रविवारी कुणालाच उत्तर द्यायची तिला सवय नव्हती. बारा वाजता भावाचा फोन येई. "जेवलीस का?" तो विचारी. "हो," ती सांगे. मागून वहिनी काहीतरी बोले, आणि फोन ठेवला जाई. मग सोमवारी सकाळी दहापर्यंत तिचा आवाज तिच्या घशातच पडून राही.

"मग पिशवीबाईंना विचारून बघता का, थोडा वेळ मांडीवर बसतील का म्हणून?"

तिनं पिशवी मांडीवर घेतली. तो बसला. बाहेर पडू की नको अशा बेतानं पाऊस भुरभुरत होता आणि त्याच्या चष्म्याच्या काचांवर थेंब जमले होते. त्यानं शर्टाच्या टोकानं काचा पुसल्या, चष्मा डोळ्यांवर ठेवला, पुन्हा काढला, पुन्हा पुसला. त्याच्या मधल्या बोटावर लाल शाईचा डाग होता. तिचं लक्ष माणसांच्या बोटांकडे आधी जाई, चेहऱ्याकडे नंतर. कामच तसं होतं.

वाचनालयाची मोठी खोली होती ती. टेबलं भिंतीला सरकवलेली, खिडक्यांचे पडदे चिमटे लावून घट्ट बंद केलेले, आणि जिथे एरवी वर्तमानपत्रांचा रॅक असे तिथे एक पांढरी चादर ताणून बांधलेली. खुर्च्या तीन ठिकाणांहून गोळा केल्या होत्या, त्यामुळे कुणी उंच बसलं होतं, कुणी बुटकं. शंभरेक माणसं असतील. ती सगळ्यात मागच्या रांगेत, भिंतीला लागून बसली होती.

ज्यांच्यावरचा माहितीपट दाखवायचा होता त्या न्यायाधीशबाई मागच्या वर्षी वारल्या होत्या. सगळं शहर त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. भाजी घेताना पाठीमागून कुणी "बाई" म्हणालं, तरी माणसं वळून बघत, त्या आल्यात का म्हणून. अशा बाईंची ती सात वर्षं लघुलेखिका होती. बाई बोलणार, ती रेघोट्यांत टिपून घेणार, मग टाईप करून सहीला ठेवणार. माहितीपट करणाऱ्यांनी वकिलांना गाठलं, शिपायाला गाठलं, बागेतल्या माळ्यालाही चार प्रश्न विचारले. तिला कुणी विचारलं नाही. ती इथे आली होती ती फलकावरची सूचना वाचून, येणाऱ्या-जाणाऱ्या कुणाहीसारखी.

आणि आली होती ती नुसती बघायला नाही. एक गोष्ट तिला नऊ वर्षं सांगायची होती. ज्यांना सांगायची, त्या आता फक्त चादरीवर भेटणार होत्या.

दिवे गेले. चादर उजळली.

बाई चालताना दिसल्या, हसताना दिसल्या, चहाच्या कपावर बशी झाकून ठेवताना दिसल्या. मग कोर्टाच्या खोलीचा जुना फोटो आला. मधोमध उंच खुर्चीत बाई, समोर काळे कोट, आणि डाव्या कडेला, चौकटीबाहेर जाता जाता राहिलेलं, कुणाचं तरी एक कोपर. त्याखाली वहीचा एक कोपरा.

ती जागच्या जागी आक्रसली.

"ते कोपर कुणाचं असेल हो?" शेजारून हळू आवाज आला.

"कोपराला कोण विचारतंय," ती तितक्याच हळू म्हणाली.

"मी विचारतोय."

अंधारात त्याचं तोंड दिसत नव्हतं, पण तो हसतोय हे तिला कळलं. आवाज टिपणाऱ्या माणसाला हसणं ऐकू येतं.

आता पडद्यावर एक म्हातारे गृहस्थ आले. तिनं त्यांना लगेच ओळखलं. नऊ वर्षांपूर्वी ते आणि त्यांची बायको बाईंसमोर उभे राहिले होते. दोन मुलांनी सोयीसाठी आईबापांची वाटणी करून घेतली होती: आई थोरल्याकडे, वडील धाकट्याकडे. आणि राहतं घर बंद. आमच्या घरात आम्हाला राहू द्या, एवढाच त्या दोघांचा अर्ज होता. "पुढे चार वर्षं मिळाली आम्हाला," पडद्यावरचे आजोबा सांगत होते. "चार वर्षं आणि वर दोन महिने. ती सकाळी उठली की आधी माझी कानटोपी शोधायची. माझ्या डोक्यावरच असायची, पण शोधायची." ते थांबले. "बाईंनी ते एक वाक्य लिहिलं नसतं, तर मुलांनी एकाला घरात आणलं असतं, दुसऱ्याला तिकडेच ठेवलं असतं. हक्क दिला म्हणाले असते."

आणि मग काळ्या पडद्यावर, ठळक पांढऱ्या अक्षरांत, ते वाक्य आलं.

सोबत राहण्याचा हक्क मान्य करण्यात येत आहे.

खोलीभर एक उसासा पसरला. पुढच्या रांगेत कुणीतरी डोळे टिपले. सगळ्यांना हे वाक्य पाठ होतं. वर्तमानपत्रांनी छापलं होतं, वकिलांनी त्याचे दाखले दिले होते, लग्नाच्या पत्रिकांवरही ते गेलं होतं.

"सबब," ती पुटपुटली. नऊ वर्षं हे वाक्य दिसलं की तिच्या तोंडून हाच शब्द निघे, ठेच लागली की निघतो तसा.

शेजारची खुर्ची करकरली. तो पूर्ण वळून तिच्याकडे बघत होता.

"काय म्हणालात?"

"काही नाही."

"सबब म्हणालात."

"खोकले."

"नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजातलं हसू आता पार गेलं होतं. "पानाच्या तळाला डावीकडे दोन बारीक अक्षरं असतात. टाईप करणाऱ्याची आद्याक्षरं. ती... तुम्ही का?"

तिला उत्तर द्यावं लागलं नाही, कारण तेवढ्यात माहितीपटाचा आवाज गेला. बाईंचे ओठ हलत राहिले, शब्द येईनात. दिवे लागले. ग्रंथपालबाईंनी टाळी वाजवून सांगितलं, की दहा मिनिटं लागतील, तोवर बाहेर चहा आहे, आणि ज्याच्या कपातला चहा पुस्तकांवर सांडेल त्याचं सभासदत्व रद्द होईल.

बाहेरच्या अरुंद ओसरीत दोघं चहाचे कप घेऊन उभी राहिली. पागोळ्या टपटपत होत्या. ती त्यांच्याकडेच बघत होती.

"कोण तुम्ही?" तिनं विचारलं.

"मुद्रितं तपासतो. निकालांचं मासिक निघतं ना, त्या छापखान्यात. कोर्टातून टाईप केलेली पानं येतात, सोबत छापायच्या आधीची कच्ची पानं, ती ताडून वाचायची आणि चुका लाल शाईनं समासात लिहायच्या." त्यानं डागाचं बोट वर केलं. "बारा वर्षं तुमची पानं वाचतोय. छापखान्यात तुम्हाला नाव आहे... 'दोन अक्षरं'. दोन अक्षरांची पानं आली, की मी म्हणतो, माझ्याकडे द्या."

"का?"

"चुका कमी असतात. आणि ज्या असतात त्या..." तो अडखळला. "त्या ओळखीच्या असतात. तुम्ही पूर्णविरामाच्या आधी एक जागा सोडता. सोमवारी सोडत नाही. सोमवारी तुमचा हात घाईत असतो."

ती हसली. कपातला चहा हिंदकळला.

"चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात," तो पुढे म्हणाला, "दोन महिने तुमच्या पानांवर भलत्याच चुका यायला लागल्या. अख्ख्या ओळी दोनदा टाईप केलेल्या. मी म्हटलं, आजारी असणार. एकदा वाटलं, समासात लिहावं, बरं आहे ना म्हणून. पण समास त्यासाठी नसतो."

"आई गेली होती," ती म्हणाली.

त्यानं कप खाली ठेवला. आणि तिच्या मनात आलं, की आई गेली तेव्हा ऑफिसातल्या कुणाच्याही काही लक्षात आलं नव्हतं. ती रोज दहाला जात होती, सहाला परत येत होती, डबा खात होती. लक्षात आलं होतं ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका छापखान्यात, लाल शाईच्या माणसाला.

"सबब का म्हणालात?" त्यानं हलकेच विचारलं.

आता हे नीट सांगायला हवं. कोर्टाच्या भाषेत 'सबब' म्हणजे 'म्हणून'. सगळं ऐकून झालं, दोन्ही बाजू तोलून झाल्या, की बाई चष्मा काढत, 'सबब' म्हणत, आणि शेवटचं वाक्य सांगत. सात वर्षांत एकही निकाल त्या शब्दाशिवाय संपला नव्हता. आणि लघुलिपी म्हणजे पळणाऱ्या शब्दांमागे पळायची लिपी. तिच्यात स्वर गाळतात, नुसत्या व्यंजनांच्या रेघा ओढतात. 'सबब' म्हणजे स, ब, ब. 'सोबत' म्हणजे स, ब, त. तिच्या लिपीत 'ब'ची रेघ तिरकी आणि 'त'ची उभी. हात जरा इकडचा तिकडे झाला, की एकाचं दुसरं व्हायला वेळ लागत नाही.

"त्या दिवशी आजोबांची साक्ष झाली होती," ती म्हणाली. "वकिलांनी विचारलं, तुम्हाला घराचा कुठला भाग हवाय. आजोबा म्हणाले, कुठलाही, पण ही जिथे असेल तो. मग बाईंनी निकाल सांगितला. 'सबब राहण्याचा हक्क मान्य करण्यात येत आहे.' बस, एवढंच. संध्याकाळी टाईप करताना माझ्या कानात ते आजोबाच होते. रेघ उभी दिसली. मी 'सोबत' टाईप केलं. वीसेक कागद सहीला होते, बाईंनी सह्या केल्या, कागद गेले. तीन आठवड्यांनी वर्तमानपत्रात ते वाक्य वाचलं, तेव्हा मी वही काढून बघितली. रेघ तिरकी होती."

"मग?"

"मग काय... दोनदा बाईंच्या दारापर्यंत गेले. एकदा कडीला हात लावला. आतून त्या म्हणाल्या, कोण आहे, आणि मी म्हटलं, पाणी हवंय का. पाणी दिलं आणि परत आले. दोन वर्षांनी त्या निवृत्त झाल्या. सगळं जग त्यांची वाहवा करतंय ती माझ्या चुकीसाठी, आणि त्यांना माहीतच नाही... तशाच गेल्या त्या."

तो पागोळ्यांकडे बघू लागला. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं.

"काय?"

"मला एक गोष्ट माहीत आहे. पण मला ती सांगता येत नाही."

"का?"

"सांगणार नाही असं कबूल केलंय."

"कुणाला? बायकोला?" तिनं विचारलं, आणि पुढच्याच क्षणी कप तोंडाला लावला, रिकामा होता तरी.

"बायको नाहीये," तो म्हणाला. मग सावकाश, "तुम्ही हे जरा वळसा घालून विचारलंत."

"मी काहीही विचारलेलं नाही."

"बरं. आत जाऊन मी पुन्हा तुमच्याच शेजारी बसलो तर चालेल? की त्याला काही सबब लागेल?"

घरच्या भाषेत 'सबब' म्हणजे बहाणा. इतकी वर्षं रोज तो शब्द टाईप करूनही हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. ती हसू दाबत म्हणाली, "पिशवीबाईंना विचारा."

आवाज दुरुस्त झाला होता. उरलेला माहितीपट तिनं पाहिला आणि पाहिला नाही. खुर्च्या तीन ठिकाणच्या असल्यामुळे तिची बुटकी होती आणि त्याची उंच. त्यामुळे त्याचं कोपर तिच्या खांद्यापाशी येत होतं. लागत नव्हतं. दोन बोटांचं अंतर होतं. त्या दोन बोटांवरच तिचं अर्धं लक्ष होतं.

दिवे लागल्यावर चर्चा सुरू झाली. एकेक जण उठून बाईंच्या आठवणी सांगू लागला. पहिल्या रांगेतले निवृत्त वकील सगळ्यात जास्त बोलले. आवाज भारदस्त होता आणि बोलताना ते हवेत कागद उलटत. शेवटी ग्रंथपालबाई पुढे आल्या.

"एक आनंदाची गोष्ट," त्या म्हणाल्या. "या खोलीला बाईंचं नाव द्यायचं ठरलंय. दाराशी दगडी पाटी बसवायची. त्यावर बाईंचं ते वाक्य आणि खाली बाईंचं नाव. मंगळवारी कोरणारा माणूस येतोय. कुणाला काही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा, मंगळवारनंतर माझं डोकं खाऊ नका."

लोक हसले. टाळ्या वाजल्या.

कागदावरची चूक मिटवता येते, निदान दडवता येते. पण आता ती दाराशी लागणार होती, बाईंच्या नावाच्या वर, आणि ती रोज त्या दारावरून कामाला जाणार होती. गप्प बसलं तर कुणालाही, कधीही कळणार नव्हतं. बोललं तर तिच्याजवळ जेवढं होतं तेवढं सगळं जाणार होतं. बाईंची लघुलेखिका, एवढीच तर तिची ओळख होती. त्यापलीकडे एक भाड्याची खोली, एक खुर्ची आणि बारा वाजताचा फोन.

तिनं शेजारी पाहिलं. तो तिच्याकडे बघत नव्हता. मुद्दाम समोर बघत होता, हात मांडीवर घट्ट धरून. बोला असंही म्हणत नव्हता, नका बोलू असंही नाही.

ती उभी राहिली. पिशवी घसरून खाली पडली.

"ते वाक्य बाईंचं नाही," ती म्हणाली.

शंभर माना वळल्या. वकिलांचा हवेतला कागद हवेतच राहिला.

"मी बाईंची लघुलेखिका होते. बाई 'सबब' म्हणाल्या होत्या. मी 'सोबत' टाईप केलं. माझी चूक आहे ती. बाईंना मी कधी सांगितलं नाही."

एवढं बोलायला तिला नऊ वर्षं लागली होती, आणि बोलून झालं ते दोन श्वासांत.

"अहो," वकील शेवटी म्हणाले, "तुम्ही काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला? नऊ वर्षं आम्ही या वाक्याचे दाखले देतोय. टायपिंगची चूक म्हणून दाखले देत होतो का आम्ही?"

"हो," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

कुणीतरी फसकन हसलं. कुणीतरी म्हणालं, आज कशाला हे, गेलेल्या माणसाबद्दल.

"मग इतके दिवस का नाही बोललात?"

"भीती वाटत होती."

"आणि आज वाटत नाही?"

"आजही वाटते आहे. पण दगड पुन्हा टाईप करता येत नाही."

वकिलांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी तिच्या शेजारची उंच खुर्ची मागे सरकली.

"माफ करा," तो म्हणाला. "मी गप्प राहायचं कबूल केलं होतं, पण ते यांना कळू नये म्हणून. आता यांनीच सांगून टाकलंय, तेव्हा माझी सुटका झाली." त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. "मी या निकालाचं मुद्रित तपासलं होतं. बाईंचा एकही निकाल 'सबब'शिवाय संपत नसे, म्हणून मी समासात लिहिलं, 'सबब' हवं का, कृपया पाहावे. आणि पान बाईंकडे पाठवलं. दोन दिवसांनी परत आलं. माझ्या शेऱ्याखाली बाईंनी स्वतःच्या हातानं उत्तर लिहिलं होतं. मला ते पाठ आहे."

त्यानं घसा साफ केला. पाठ म्हणणाऱ्या मुलासारखे हात मागे घेतले.

"'मी सबब म्हणाले होते. सही करताना सोबत वाचलं आणि पेन थांबलं. त्या दोघांनी नेमकं हेच मागितलं होतं, आणि ते मला ऐकू आलं नव्हतं. विचार करून सही केली आहे. निकाल असाच राहील. मुलीला कळवू नये, ती घाबरून दुरुस्त करून टाकेल.'"

ती हळूच खाली बसली.

म्हणजे बाईंना माहीत होतं. पाणी घेऊन ती आत गेली तेव्हाही माहीत होतं. त्यानंतरची दोन वर्षं त्या दोघी एकाच खोलीत समोरासमोर बसून एकच गोष्ट एकमेकींपासून लपवत होत्या. एक भीतीनं, दुसरी मायेनं. एक शब्द जरी कुणी बोललं असतं... तिला हलकं वाटत होतं, आणि त्या हलकेपणाच्या तळाशी काहीतरी फार दुखत होतं. पुढच्या रांगेतलं कुणीतरी वळून तिच्याकडे पाण्याचा पेला सरकवत होतं. तिनं तो घेतला.

"तो कागद आहे?" वकिलांनी विचारलं.

"घरी आहे."

"छापखान्याचा कागद घरी कसा?"

"तीन वर्षांनी गठ्ठे रद्दीत जातात. हा रद्दीत जाऊ द्यावासा वाटला नाही."

वकिलांनी चादरीकडे पाहिलं. आयुष्यभर कोर्टात काढलेला माणूस होता, कागद उलटायची सवय होती, पण प्रामाणिक होता. "निकाल सही करणाऱ्याचा असतो," शेवटी ते म्हणाले. "वाचून, कळून सही केली, तर वाक्य बाईंचंच. मी दाखले देत राहणार." मग मागच्या रांगेकडे मान वळवून, जरा खालच्या आवाजात, "आणि तुमचं कान देणं, बाई, आम्हा सगळ्यांपेक्षा चांगलं होतं म्हणायचं."

ग्रंथपालबाईंनी नाक पुसलं आणि जाहीर केलं, की दगड ठरल्याप्रमाणे मंगळवारीच कोरला जाईल, आणि जाताना प्रत्येकानं आपापली खुर्ची उचलून ठेवावी.

खुर्च्या उचलून झाल्यावर ती दोघं रस्त्यावर आली. साडेसहा वाजले होते. पाऊस थांबला होता, पण झाडं अजून ठिबकत होती. कोपऱ्यावरच्या बसथांब्यापर्यंत दोघं चालत गेली. सुचेल ते बोलत होती. वकिलांच्या हवेतल्या कागदाबद्दल, ग्रंथपालबाईंच्या टाळीबद्दल, कुणाचं घर कुठल्या बाजूला आणि कुणाची बस कुठली याबद्दल.

"रागावलात?" त्यानं विचारलं. "ओसरीत सांगितलं नाही म्हणून?"

तिनं विचार केला. "नाही. सांगितलं असतं, तर मी उठले नसते. आणि मग मला कायम वाटत राहिलं असतं, की उठले असते का." मग ती म्हणाली, "पण बाईंनी सांगायला हवं होतं. मी काही इतकी भित्री नव्हते."

"दुरुस्त केलं असतंत."

"केलं असतं," तिनं कबूल केलं, आणि दोघंही हसली.

त्याची बस आली. त्यानं तिच्याकडे पाहिलं, बसकडे पाहिलं, आणि हात केला नाही. बस गेली.

"तुमची होती ती," ती म्हणाली.

"पुढची येते वीस मिनिटांनी." तो बाकाच्या ओल्या कडेवर बसला. "एक सांगू? आज मी बाईंसाठी आलो नव्हतो. म्हणजे... बाईंसाठीही आलो होतो. पण वाटलं, बाईंवरचा माहितीपट आहे, तर दोन अक्षरं येतील. मग दारात उभा राहून प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. अक्षरांवरून चेहरा कसा ओळखणार? शेवटी उशीर झाला आणि एकच खुर्ची उरली."

"पिशवीची."

"हो."

ती रस्त्याकडे बघत राहिली. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. "हे काही बरोबर नाही," ती म्हणाली. "तुम्ही माझी बारा वर्षं वाचलीत. सोमवार वाचलेत, आई गेली ते वाचलंत. मी तुमची एक ओळ वाचलेली नाही."

"माझं काही छापलंच जात नाही. मी फक्त समासात लिहितो."

"मग समास दाखवा."

तो हसला नाही. चष्मा काढून हातात धरला. काचांशिवाय त्याचे डोळे एकटे दिसत होते; रोज संध्याकाळी स्वतःच कुलूप उघडून अंधाऱ्या खोलीत शिरणाऱ्या माणसाचे. ते डोळे तिच्या ओळखीचे होते. तिनं ते आरशात पाहिले होते.

"तो बाईंचा कागद," तो म्हणाला, "तुमचा आहे खरं तर. मी नुसता सांभाळला. उद्या ऑफिसात आणून देऊ? की टपालानं..."

"टपालानं," ती म्हणाली, आणि त्याचा चेहरा पडलेला बघून पुढे म्हणाली, "म्हणजे मग पोचायला चार दिवस."

"चार-पाच."

"नऊ वर्षं झालीच आहेत."

"हो... तेही आहे."

लांबून दुसरी बस वळताना दिसली. तो उठला. पँटला मागे बाकावरचं पाणी लागलं होतं, ते झटकलं, आणि निरोपाची मान हलवली. बस थांबली, दार उघडलं. तो पायरीवर चढला आणि तिकिटासाठी खिसे चाचपू लागला. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच पायरीवर पाय ठेवला.

"दोन द्या," ती कंडक्टरला म्हणाली.

तो वळला. "तुमचं घर तर त्या बाजूला आहे ना?"

"हो," ती म्हणाली. "आत सरका. दार लागायचंय."